रविवारचा शत्रू

मित्र मिळायला नशीब लागते, असे सगळेच म्हणतात. मला वाटते, चांगला शत्रू मिळायला त्याहूनही मोठे नशीब लागते. मित्राचे काय, तो शेजारी राहतो म्हणून होतो, शाळेत एका बाकावर बसला म्हणून होतो, रोज एकाच गाडीला भेटतो म्हणूनही होतो. पण दर रविवारी दुपारी साडेतीनच्या ठोक्याला जो न चुकता तुमच्यावर चाल करून येईल, तुमचे पायदळ उधळील, तुमच्या तोफा पळवील, तुमच्या युद्धनीतीची यथेच्छ टवाळी करील आणि सहाच्या सुमारास “बरंय, येतो. पुढल्या रविवारी सूड उगवायला या,” असे म्हणून चपला पायांत सरकवील, असा शत्रू गाठीला पुण्याई असल्याशिवाय लाभत नाही. मला असे दोन शत्रू आहेत. शिवाय एक तटस्थ राष्ट्र आहे.

हे वाचून कोणी पोलिसांत वर्दी देऊ नये. आमची युद्धे वकीलसाहेबांच्या माडीवर होतात, आणि तीही टेबलावर. त्यांच्या चिरंजिवांसाठी घेतलेले टेबल-टेनिसचे टेबल, चिरंजीव नोकरीला लागून परगावी गेल्यावर रिकामे पडून होते. नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद अशी ती आमची रणभूमी. तिच्यावर हिरवी चादर पसरायची. चादरीखाली जाडजूड पुस्तके सरकवली की टेकड्या तयार. कायद्याच्या जुन्या ग्रंथांच्या टेकड्या फार चांगल्या होतात. त्या चढताना माणसाला हमखास दम लागतो, असे वैद्यराजांचे मत आहे. निळ्या साडीचा काठ अंथरला की नदी वाहू लागते. भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे काड्यांना चिकटवले की आमराई उभी राहते. गावे वैद्यराजांच्या दुकानातून येतात. औषधांची रिकामी खोकी आणि त्यांवर पुठ्ठ्याची छपरे. त्यामुळे आमच्या लढायांत एखादे गाव काबीज झाले की “खोकला बरा झाला,” अशी आरोळी उठते.

वैद्यराज म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक. जन्मात त्यांनी कोणाची नाडी पाहिलेली नाही. पण एका लढाईच्या ऐन भरात वकीलसाहेबांनी त्यांना ही पदवी बहाल केली, आणि ती चिकटली. त्यांनीही उलट वकीलसाहेबांचे नाव ‘अपील’ असे ठेवले आहे. कारण फाशाचे दान विरुद्ध पडले की वकीलसाहेब ते मान्य न करता वरच्या कोर्टात धाव घेतात. वरचे कोर्ट म्हणजे सुभेदार. पायदळात बावीस वर्षे काढून ते गावी परतले आहेत. ते खेळत नाहीत. टेबलाच्या मधोमध, नेटच्या जागी खुर्ची टाकून बसतात आणि न्याय देतात. तेच आमचे तटस्थ राष्ट्र.

आमचे शिपाई एक-सव्वा इंच उंचीचे असतात. काही शिशाच्या मिश्रधातूचे, काही प्लॅस्टिकचे. ते कोरे मिळतात. रंग आपण द्यायचा. भिंग डोळ्याला लावून, चार केसांच्या कुंचल्याने, एकेका शिपायाच्या पागोट्याचा पेच आणि बंदुकीचा पट्टा रंगवायचा. अशी तीनशे माणसे रंगवायला वैद्यराजांना दोन पावसाळे लागले. माणसाने दोन पावसाळे ज्याची मिशी रंगवली, त्या शिपायाला तो उगीच तोफेच्या तोंडी देत नाही. जगातल्या सेनापतींना सैन्य आपल्या हाताने रंगवायला लावले असते, तर इतिहासाची पुस्तके पुष्कळच पातळ झाली असती.

खेळाची रीत सोपी आहे. शिंप्याच्या टेपाने अंतर मोजायचे. पायदळ एका खेपेस सहा इंच चालते, घोडदळ बारा, तोफेचा गोळा तीस इंचांपर्यंत जातो. गोळी लागली की नाही ते फासा सांगतो. बुद्धिबळाशी याचे नाते आहे, पण ते चुलत घराण्यातले. बुद्धिबळातला घोडा सांगितल्या घरी मुकाट्याने जाऊन बसतो. आमचा शिपाई तसा नाही. तुकडीतला चौथा हिस्सा गारद झाला की फासा टाकून तिचा धीर पाहायचा. एक किंवा दोन पडले की तुकडी पाठ फिरवते; मग सेनापती कितीही ओरडो! हा धीराचा फासाच आमच्या सगळ्या थट्टामस्करीचे मूळ आहे. कारण महिनाभर आखलेला बेत त्या एका दानाने कोसळतो, आणि कोसळलेल्या सेनापतीच्या तोंडाकडे पाहून हसू आवरणे मनुष्याच्या हातचे नसते.

आपल्याकडच्या वाचकाला हा खेळ परका वाटायचे खरे म्हणजे कारण नाही. दिवाळी आली की अंगणात दगडमाती रचून मुले किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, आणि कुंभाराकडून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे करतात. मावळा तटापेक्षा उंच, गुहेतला वाघ हत्तीएवढा आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज. आमच्या लहानपणी पायथ्याशी एक पत्र्याची मोटारही उभी असे, आणि तिचे कोणाला काही वाटत नसे. चिमुकल्या सैन्याचे हे वेड आपल्या घराघरात आहे. मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. आमच्या त्या किल्ल्यांवर शत्रू कधीच नसे. मावळे भाले सरसावून उभे. पण ते कोणावर, हे कोणी विचारीत नसे. किल्ल्याला शत्रू लागत नाही. लढाईला लागतो. आणि तिथेच हा पोरखेळ संपून आमचा खेळ सुरू होतो. कारण त्या शत्रूच्या खुर्चीत आपल्यातल्याच कोणाला तरी बसावे लागते.

गाण्याला जशी घराणी असतात तशी या खेळालाही आहेत. मुख्य दोन. पहिले बर्लिनचे. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातला रायस्विट्झ नावाचा एक तरुण अधिकारी नकाशा, लहानलहान ठोकळे आणि फासे घेऊन सरसेनाधिकारी म्यूफलिंग यांच्यापुढे हजर झाला. म्यूफलिंगसाहेब प्रथम नाराजीनेच बसले होते. डाव रंगत गेला तसे ते सावरून बसले. आणि शेवटी, हा खेळ नव्हे, हे युद्धाचे शिक्षण आहे, असा निर्वाळा देऊन त्यांनी तो सगळ्या सैन्यात नेला. हे घराणे कडक शिस्तीचे. इथे हसायची सोय नाही.

दुसरे घराणे घरगुती. 1881-82 च्या हिवाळ्यात कादंबरीकार स्टीव्हन्सन छातीच्या दुखण्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या दाव्होस गावी राहत होता. त्याचा सावत्र मुलगा लॉइड तेरा वर्षांचा. माळ्यावरच्या फळ्यांवर खडूने नद्या, रस्ते, डोंगर काढायचे आणि त्यांवर शिशाचे शिपाई लढवायचे, हा त्या दोघांचा उद्योग. स्टीव्हन्सन नुसता लढून थांबला नाही. त्याने त्या लढायांच्या बातम्या देणारी खोटी वर्तमानपत्रे रचली, आणि त्यांतून सेनापतींवर, म्हणजे स्वतःवर आणि त्या पोरावर, सडकून टीका केली. एकीकडे खोकल्याने बेजार झालेला माणूस, बाहेर बर्फ आणि माळ्यावर हा हास्यकल्लोळ! आमच्या माडीचे मूळ मला तिथे दिसते.

या दुसऱ्या घराण्याचे शास्त्र पुढे एच. जी. वेल्सने लिहिले. समुद्रकाठी सँडगेटला त्याचे घर होते. जेवणे झाल्यावर एक पाहुणा मित्र जमिनीवर पसरलेल्या खेळण्यांत बसला, त्याने स्प्रिंगची छोटी तोफ उचलली, नेम धरून एक शिपाई पाडला आणि बाकीच्यांना आव्हान दिले. तो मित्र म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, असे मानतात. त्या जेवणोत्तर टवाळीतून वेल्सचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक 1913 साली बाहेर पडले.

पुढे या दोन्ही घराण्यांचा एकदा संगमही झाला. 1942 साली जर्मन पाणबुड्या इंग्रजांची जहाजे बुडवीत होत्या, तेव्हा लिव्हरपूलमध्ये कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली आरमारातल्या तरुण मुली जमिनीवर चौकटी आखून चिमुकली जहाजे सरकवीत तोड शोधू लागल्या. एक तोड सापडली. तिला नाव काय द्यायचे? जीन लेडलॉ नावाच्या मुलीने सुचवले, ‘रास्पबेरी’. इंग्रजीत त्याचा अर्थ फळ असा आहे, तसा तोंडाने फुर्र करून वेडावणे असाही आहे. म्हणजे आपल्या भाषेत, हिटलरला वाकुल्या! हजारो खलाशांचे प्राण पणाला लागलेले असताना ज्यांना वाकुल्या सुचल्या, त्या मुलींविषयी मला अतोनात आदर आहे.

असो. इतिहास पुरे, माझ्या शत्रूंकडे येतो. आमच्या माडीवरचे आजवरचे सर्वांत मोठे रण म्हणजे असई. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे एकीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले, तर दुसरीकडे इंग्रजांचा चौतीस वर्षांचा सेनापती आर्थर वेलस्ली, अशी गाठ पडली. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच वेलस्ली. शिंद्यांकडे दहा हजारांवर कवायती पायदळ, शंभराच्या घरात तोफा आणि अफाट घोडदळ. वेलस्लीकडे स्वतःची फौज साडेचार हजारांच्या आसपास.

शिंदे कोण होणार, यावर वाद झाला नाही. सगळेच व्हायला तयार होते. वेलस्ली व्हायला कोणी तयार होईना. शेवटी सुभेदारांनी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. वेलस्ली वकीलसाहेबांच्या नशिबी आला. त्यांचे तोंड एरंडेल घेतल्यासारखे झाले.

“मी म्हणतच होतो,” वैद्यराज म्हणाले, “इंग्रजीत दावे लिहितालिहिता माणूस एक दिवस इंग्रज होणार.”

“माझ्यावर पाळी आली आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “आरोपीलासुद्धा वकील मिळतो. वेलस्लीलाही मिळेल.”

आणि खरोखरच त्यांनी वेलस्लीचे वकीलपत्र घेतले. पंधरा दिवस मिळेल ते वाचून काढले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या तोंडून ‘आपले साडेचार हजार’ हे शब्द निघाले, तेव्हा वैद्यराजांनी हातातला कप खाली ठेवला. पण त्या खुर्चीत बसल्यामुळे जी गोष्ट त्यांना दिसली, ती आमच्या बाजूने आम्हांला कधी दिसली नसती. वकीलसाहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि विचारले, “आता सांगा, यांत ‘आपले’ कोण आणि ‘त्यांचे’ कोण?” शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा जर्मन. इंग्रजांच्या रांगांत मोठा भरणा मद्रासच्या शिपायांचा. आणि वेलस्लीच्या मदतीला नदीच्या दक्षिणेस उभे होते म्हैसूरचे आणि खुद्द पेशव्यांचे घोडदळ. कारण 1802 च्या अखेरीस वसईचा तह होऊन बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. आम्ही गप्प झालो. हे सगळे पाठ्यपुस्तकात असते, मी ते वर्गात शिकवतोही. पण टेबलावर रंगीत पागोटी मांडायची वेळ आली तेव्हा ते पहिल्यांदा अंगावर आले.

ते दक्षिणेकडचे घोडदळ माझ्या वाट्याला आले होते. खऱ्या लढाईत ते शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवून नदीकाठी उभे राहिले. मीही राहिलो. लढाई नाही, पण चहा मात्र सर्वांआधी मला मिळत असे.

वेलस्लीपुढची अडचण नदीची होती. समोरून चालून जाणे म्हणजे शंभर तोफांच्या तोंडी जाणे. बगल गाठायची तर केळणा ओलांडायला हवी, आणि वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. वेलस्लीने दूरवर पाहिले. नदीच्या दोन काठांवर दोन गावे अगदी समोरासमोर वसलेली. त्याने मनाशी म्हटले, इतकी जवळ राहणारी माणसे एकमेकांकडे गेल्याखेरीज राहणार नाहीत. तेव्हा मध्ये उतार असलाच पाहिजे. आणि उतार होता. त्याची फौज तिथून पार झाली. पण पलीकडे त्याचीही अपेक्षा चुकली. शिंद्यांचे पायदळ गोंधळेल असे त्याला वाटले होते. ते सफाईने काटकोनात वळून नव्या दिशेला तोंड करून उभे राहिले. पुढे इंग्रजांच्या रांगा तोफांवरून पार गेल्या, तेव्हा मेल्याचे सोंग करून तोफांखाली पडलेले गोलंदाज उठले, आणि त्यांनी त्याच तोफा फिरवून मागून मारा केला.

या गोलंदाजांनी आमच्या माडीवर केवढा वाद माजवला! वैद्यराज म्हणत, आमचे गोलंदाज उठलेच पाहिजेत, इतिहासात उठले होते. वकीलसाहेब म्हणत, एकदा पडलेला शिपाई कोणत्या कलमाखाली उठतो ते दाखवा. “तुमच्या औषधांनी आजवर कोणी उठलेला ऐकिवात नाही,” असेही ते म्हणाले.

मी मनमुराद हसलो. सुभेदार हसले नाहीत. तोपर्यंत त्यांनी आमच्या खेळाला फक्त एकच नियम घातला होता: शिपाई बाद झाला की ‘मेला’ म्हणायचे नाही, ‘उचलला’ म्हणायचे. उचललेले शिपाई आम्ही डब्यात टाकत असू, तेही त्यांनी बंद करवले. ते एका ताटात त्यांना ओळीने, शेजारी शेजारी निजवतात. त्या दिवशी ते म्हणाले, “सेनापतीला काय वाटंल ते बोला. वकीलसाहेबांना बोला, वैद्यराजांना बोला. शिपायावर इनोद नको. तुम्ही उभा केलात तिथं तो उभा राहिला, एवढंच त्यानं केलंय.”

माझ्या घरातून मला पूर्वीच एक प्रश्न विचारण्यात आला होता. “सीमेवर खरी माणसं जातात. तुमच्या वर्गात त्यांची मुलं बसतात. आणि तुम्ही रविवारी लढाई लढाई खेळून हसत घरी येता. हे बरं दिसतं का?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वेल्सने त्याचे उत्तर आपल्या पुस्तकात दिले आहे: ही छोटी युद्धे तीनचार वेळा खेळून पाहिली की मोठे युद्ध हा केवढा अडाणी, आवाक्याबाहेरचा प्रकार असतो ते आपोआप कळते. पुस्तक निघाले आणि वर्षभरातच, 1914 साली, मोठे युद्ध पेटले. 1962 साली ‘वॉर गेम्स’ लिहून हा छंद घरोघर नेणारा डोनाल्ड फेदरस्टोन हा स्वतः दुसऱ्या महायुद्धात रणगाडादलात होता. ज्यांनी खरे पाहिले तेही खेळले, हे खरे. पण मला त्या सर्वांपेक्षा सुभेदारांचे उत्तर पटले. हसायचे ते सेनापतीला, म्हणजे स्वतःला. आपला फसलेला बेत, आपली घमेंड, आपला उतावीळपणा यांना हसायचे. ताटात निजलेल्याला नव्हे. घरी जाऊन मी हे सांगितले. “मग ठीक आहे,” असे उत्तर आले. “सुभेदारांना एकदा जेवायला बोलवा.”

असई अर्ध्यावर आली होती. वेलस्ली नदी ओलांडून उभा, शिंद्यांचे पायदळ वळते आहे, आणि पुढची खेळी येत्या रविवारी, अशा अवस्थेत ते प्रकरण घडले.

वैद्यराजांच्या दुकानाला लागून एक बोळ आहे. त्याच्या वहिवाटीवरून त्यांचा आणि शेजाऱ्यांचा कित्येक वर्षांचा तंटा. शेजारी अखेर कोर्टात गेले, आणि त्यांचे वकीलपत्र घेतले आमच्या वकीलसाहेबांनी. वैद्यराजांना नोटीस मिळाली, तिच्याखाली ओळखीची सही होती. वकीलसाहेबांचे म्हणणे, पक्षकार आधी माझ्याकडे आला, त्याला नाही कसे म्हणणार? वैद्यराजांचे म्हणणे, बारा वर्षे ज्याच्या माडीवर चहा प्यालो त्याने एवढे तरी करायला नको होते. दोघांचेही खरे होते, आणि म्हणूनच ते मिटण्यासारखे नव्हते. चुकीच्या माणसाची समजूत घालता येते. दोन बरोबर माणसांचे काय करणार?

एक रविवार गेला. दुसरा गेला. मी आणि सुभेदार माडीवर जाऊन बसायचो. टेबल तसेच होते. वकीलसाहेबांनी झाडूवालीला त्याला हात लावू दिला नव्हता. शिपायांच्या पागोट्यांवर धूळ बसली होती. वकीलसाहेब आपल्या खुर्चीत बसून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न पाहण्याची खटपट करीत. चहा यायचा. कोणी कोणाला टोमणा मारीत नसे. मित्र रुसला तर माणूस दुसऱ्या मित्राकडे जातो. रविवारचा शत्रू रुसला, तर जायचे कुठे?

पाचव्या आठवड्यात सुभेदार रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दुकानात गेले. गोळ्यांच्या पुडीबरोबर त्यांना एक चिठ्ठी मिळाली. कॅशमेमोच्या पाठीवर लिहिले होते: ‘शिंद्यांचे घोडदळ. डाव्या टेकडीवरून निघून, नदी ओलांडून दक्षिणेस. बारा इंच.’ खाली ना नाव, ना सही.

सुभेदारांनी ती टेबलावर ठेवली. वकीलसाहेबांनी चश्मा लावून वाचली, टेप घेऊन अंतर मोजले, आणि खाली लिहिले: ‘नदीस तेथे उतार नाही. घोडदळ बुडाले. अपिलास मुभा आहे.’

दोन दिवसांनी सुभेदारांना खोकला झाला. हा खोकला होता असे मी म्हणणार नाही. पण ते दुकानात गेले आणि उत्तर घेऊन आले: ‘त्या ठिकाणी दोन्ही काठांवर खोक्यांची गावे समोरासमोर आहेत. माणसे समोरासमोर राहत असली की मध्ये उतार असतो, हे आपल्याच वेलस्लीचे म्हणणे आहे. आपण आपल्या अशिलाविरुद्ध कसे जाता?’

वकीलसाहेब पुष्कळ वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसले. मग उठून खिडकीशी गेले. तिथून रस्त्यापलीकडे औषधांच्या दुकानाची पाटी दिसते. इतक्या वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. परत येऊन त्यांनी लिहिले: ‘उतार मान्य. रविवारी साडेतीन.’

रविवारी साडेतीनला जिन्यावर पावले वाजली. वैद्यराज आले, आपल्या खुर्चीत बसले, शिपायांवरची धूळ फुंकरीने उडवली आणि म्हणाले, “इंग्रजांच्या राज्यात झाडू मिळत नाही वाटतं?”

“शिंदे इतके दिवस लढाई सोडून कुठे पळाले होते याची आम्ही चौकशी करीत होतो,” वकीलसाहेब म्हणाले.

दाव्याचा उल्लेख कोणी केला नाही. दावा मिटलाही नाही. अजून तारखा पडतात. सोमवारी वकीलसाहेब वैद्यराजांविरुद्ध उभे राहतात आणि काही हातचे राखीत नाहीत. राखले तर वैद्यराजांनाच ते आवडणार नाही. परवा कोर्टाच्या व्हरांड्यात पुकारा व्हायची वाट पाहत दोघे शेजारी उभे होते, आणि उठलेल्या गोलंदाजांना नेम धरायला फाशाचे दान किती लागावे यावर इतके रंगात आले होते की पट्टेवाल्याला दोनदा ओरडावे लागले.

असईचा निकाल सांगायचा राहिला. सुभेदारांनी गोलंदाजांना उठायची परवानगी दिली. वैद्यराजांच्या तोफा मागून धडाडल्या, वकीलसाहेबांच्या तुकडीच्या धीराच्या फाशावर एक पडला, आणि आमच्या माडीवर वेलस्ली हरला. वैद्यराजांनी टाळी वाजवली. वकीलसाहेब अपिलात गेले; ते फेटाळले गेले. नंतर नेहमीप्रमाणे सुभेदारांनी ताटातले शिपाई मोजले. खऱ्या लढाईत जिंकलेल्या इंग्रजांच्या बाजूचेच पंधराशेंहून अधिक मेले किंवा जखमी झाले होते, आणि पुढे वेलस्लीने म्हातारपणापर्यंत असईची आठवण काढली ती रक्तपाताबद्दल. आमच्या ताटात दोन्ही बाजूंचे मिळून एकशे बारा निघाले. “एकशे बारा,” सुभेदार म्हणाले, आणि कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी एकेकाला पुसून पेटीत ठेवले. दोन्ही सैन्यांना पेटी एकच आहे. दुसरी घ्यायचे दरवेळी ठरते आणि राहून जाते.

दिवाळीनंतर आम्ही वसई मांडणार आहोत. 1739 सालची, चिमाजीअप्पांची. तटाचे काम सुरू झाले आहे. यंदा पोरांनी किल्ला मोडला की त्याची माती आम्हीच मागून घेणार आहोत. अप्पासाहेब व्हायला तिघेही तयार आहोत. पोर्तुगीज व्हायला कोणी तयार नाही, आणि चिठ्ठी काढायची म्हटले की वकीलसाहेब कायद्याचा मुद्दा काढतात. तेव्हा वाचकांपैकी कोणाला रविवारी दुपारची सवड असेल आणि पोर्तुगीज होण्याची तयारी असेल, तर त्यांनी जरूर यावे. चहा मिळेल, उरलासुरला फराळ मिळेल. दयामाया मात्र मिळणार नाही.